मला नसलेली साखर

आये, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी जिवंत आहे, हे आधी सांगते. नवरा त्या आजारानं गेला तेव्हा मीही वर्ष-दोन वर्षांची सोबतीण, असं सगळे धरून चालले होते, तूसुद्धा. एचआयव्हीची गोळी रोज जेवण झालं की घेते, एक दिवस चुकवलेली नाही. डॉक्टर म्हणतात, रक्तात विषाणू सापडतही नाही इतका कमी आहे. दोन जिने चढते, दळण आणते, सुनेशी भांडतेसुद्धा. आजाराचं आता काही वाटत नाही गं. दमवलं ते त्या एका शब्दानं.

साखर. ताम्हिणीच्या आपल्या घरात गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात असायची, आणि ती वाजू नये म्हणून तू तिच्यात कापूस कोंबायचीस. कुणी विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, 'तिला साखर हाय, डाक्टरनं गोळी लावून दिलीया.' मग त्या शब्दाला जागणं आलं. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात पेढ्यांचं ताट माझ्यापुढून तसंच गेलं. चुलती म्हणाली, 'हिला नगं, साखर हाय हिला.' नंतर तू पदराखाली पेढा आणलास. गोठ्यामागं उभी राहून मी तो खातेय, आणि तू वाटेकडं बघतेयस, कुणी येतंय का म्हणून.

आता मी मारुंजीत, लेकाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. लेकाला सगळं माहीत आहे. बायकोचा विषय निघाला की 'तिला तूच सांग,' म्हणतो. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, आपल्या मुळशीतलीच, तोंडानं फटकळ, मनानं मायाळू. तिला पाचवा महिना लागलाय. दोन वर्षं ती मला बिनसाखरेचा चहा देते आणि मी मुकाट पिते. मला भीती एकच, खरं कळल्यावर ही बाळाला माझ्या हातात देईल का. उचलून घेतल्यानं, भरवल्यानं काही होत नाही हे मला तोंडपाठ आहे, तिलाही असणार. तरी जीभ उचलत नव्हती.

आज सकाळी तिनं साखर तपासायचं यंत्र आणलं. नको नको म्हणेपर्यंत बोट धरून सुई टोचलीसुद्धा. रक्ताचा थेंब वर आला, आणि तिचा उघडा अंगठा अगदी त्याच्या शेजारी. मी तिचा हात असा झटकला की यंत्र फरशीवर आपटलं. 'माझ्या रक्ताला हात लावू नको,' मी ओरडले.

तिनं यंत्र उचललं. 'शुगरवाल्यांचं रक्त मी रोज बघते, आई. असं कुणी वरडत न्हाई. कसली गोळी घेता तुमी?'

सांगितलं. ती रडली नाही, भडकली. 'लॅबमध्ये रोज अशी माणसं येत्यात, मी काय पळून जाते का? दोन वर्सं मला येड्यात काढलं तुमी.' कामावर न्यायचा डबा उचलून ती दाराकडं निघाली. तेव्हा मी घाईघाईनं म्हणाले, 'माझ्या आयेनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून.'

ती थांबली. तिनं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, 'गेलेल्या माणसावर काय रागवायचं.' आणि दार उघडता उघडता, 'बाळाला अंघोळ तुमीच घालायची. मला न्हाई जमायचं ते.'

तेव्हापासून ओट्याशी बसून लिहितेय. आये, शपथ मी घातली होती. तुला मावशीला सांगायचं होतं, एकटीला पेलवत न्हाई म्हणालीस, आणि मी लेकाच्या डोक्यावर तुझा हात ठेवून तुझं तोंड बंद केलं. तू ते मरेपर्यंत पाळलंस. सून घरी आली की एवढंही सांगून टाकीन, असं दुपारपासून घोकतेय. आत्ता तिचा फोन आला, येताना काय आणू म्हणून. काही नको म्हणाले. आणि ती यायच्या आत हा कागद फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागू नये म्हणून.