भिंतीकडे पाठ

३ फेब्रुवारी
‘सुखदेवला हेमाबाईंनी शोधलं’ — आजच्या पेपरात! लोक घरात देवादिकांची चित्रं लावत होते, तेव्हा महायुद्धानंतरची नवी चित्रकला म्हणे बाईंच्या गॅलरीनं पुण्याला दाखवली. आणि सुखदेव काय हरवला होता? विश्रांतवाडीत माझ्या शेजारी राहत होता! मंडईच्या फुटपाथवर त्याची चित्रं टेकवून मी घसा फोडून भाषणं केली, तेव्हा बाई कुठं होत्या?

४ फेब्रुवारी
राग उतरत नाही. सूनबाई म्हणाली, “बाबा, बीपीची गोळी घेतलीत का?” घेतली. गोळीनं हेमाबाई जात नाहीत.

७ फेब्रुवारी
सुखदेवकडे गेलो. त्याच्या आजवरच्या चित्रांचं प्रदर्शन लागतंय — बाईंच्याच गॅलरीत. विचारलं, उद्घाटनाला बोलणार कोण? मान खाली घालून म्हणाला, “हेमाताई.”

“त्या दोन वाक्यं बोलतात!”

“म्हणूनच. धोंडिबा, तू बोलायला लागलास ना, की लोक चित्रांकडे पाठ करून तुझ्याकडे बघतात. ताई चित्रासमोर खुर्ची टाकायच्या. म्हणायच्या, बसा. बघा.”

उठून आलो. खुर्ची टाकणं ही काय कला झाली? मांडववालाही टाकतो!

१२ फेब्रुवारी
नाही जाणार.

१५ फेब्रुवारी
गेलो. मागे उभा राहिलो. बाई म्हणाल्या, “सुखदेवचं काम समोर आहे. मी मध्ये येत नाही.” बसल्या. झालं भाषण! आणि त्यावर टाळ्या! मग सगळा हॉल गप्प. एकेक माणूस चित्रासमोर खिळल्यासारखा. आयुष्यभर सभा गाजवल्या मी — अशी शांतता एकीतही मिळाली नाही. सुखदेव सारा वेळ बाईंचा हात धरून होता. माझा कधी धरला त्यानं?

जळलो. दुसरा शब्द नाही — जळलो.

१६ फेब्रुवारी
सकाळी हेमाबाईंचा फोन.

“धोंडिबा, काल मागे उभे होतात ना? खोकल्यावरून ओळखलं. अहो, मला दिसत नाही आता. कुणाला सांगू नकोस, असं मीच सुखदेवला बजावलंय. त्याची नवी चित्रं मी पाहिलेलीच नाहीत. तुम्ही सांगाल मला? तुमच्यासारखं दुसरं कोण सांगणार!”

हो म्हणालो. उद्या जायचंय.

मग आठवू लागलो. एकही चित्र आठवेना. काल सारा वेळ मी बाईंकडेच बघत होतो.