दगडावर आईचं नाव

हेरात, २० मीझान

सनोबरजान,

सलाम. इथे सगळे सुखरूप, मशहदला तुम्हीही असाल. वारा परवापासून पडलाय. डाळिंबं यंदा लहान, पण आतून लालभडक.

आईच्या कबरीच्या दगडाचं विचारलंस. दगड झाला. एकही शीर नसलेला, ठोकून, आवाज ऐकून मी स्वतः निवडलेला. रिवाजाप्रमाणे ‘यार मोहम्मदची आई’ एवढंच कोरायचं होतं. अक्षरं आखलीही होती.

मग आई स्वप्नात यायला लागली. धुक्याची चादर पांघरलेली, बोटांना तुतीचा वास. जिवंतपणी तिला कुठं वाचता येत होतं? तरी दगडावरून बोट फिरवत राहायची आणि विचारायची, "बाळा, यात मी कुठंय?" रोज पहाटे तेच.

म्हटलं, नाव घालायचंच. गुलाम सखीकाका उसळले. "घरातल्या बाईचं नाव उघड्यावर? उद्या गल्लीतली पोरं आईच्या नावानं हाका मारतील, तेव्हा तोंड कुठं लपवशील?"

"दाढीत, काका. निम्मं तिथंच आहे."

हसले नाहीत.

एक गोष्ट मघापासून टाळतोय. नाव मी कोरलेलं नाही. जन्मभर पुरुषांची नावं कोरली, या नावाला हातच उठेना. छिन्नी टेकवायची, उचलायची. निलाबची शाळा बंद झाल्यापासून ती पडद्याआड माझे दगड घासते. माझं बघून म्हणाली, "बाबा, सरका जरा. तुम्ही आजीला घाबरताय."

सरकलो. मी कुणाकडे शिकलो नाही आणि आजवर कुणाची रेघ मला पटली नाही, हे तू जाणतेस. पण शेवटच्या अक्षराची वाटीसारखी गोलाई पोरीनं अशी उतरवलीय, जशी हौदात चंद्रकोर. पट्टी लावून पाहिली. चूक नाही. तिला अजून बोललो नाही, तुला लिहितोय.

गुरुवारी दगड उभा केला. काका आले, पण पाठ करून उभे राहिले. परतताना गल्लीच्या तोंडाशी पोरं ओरडलीच, "ए माहगुलच्या!" चादरीतली निलाब जागीच थिजली. माझेही कान तापले.

मग मी वळलो. "ओ! काय रे?"

पोरं एकमेकांना ढकलत पांगली.

आज पहाटे आई पुन्हा आली. काही विचारलं नाही. दगडाला टेकून तुती खात बसली होती.

तुझा भाऊ,
माहगुलचा मुलगा
यार मोहम्मद