तुमच्या स्लाइड्स चांगल्या होत्या

काकू, लॅबमध्ये मॅडम आणि घरी काकू, असा तुमचा नियम होता. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तुमच्या सेक्टरातल्या घरात आता दुसरेच लोक राहतात, तेव्हा काकूच म्हणतो. परवा तिचा मेसेज आला. तीच, पतियाळ्याची, आपल्या लॅबमध्ये माझ्याबरोबर डॉल्फिनचे दात वाचणारी. हल्ली ती तुमच्याच कोकणात असते, किनाऱ्याला लागलेल्या मेल्या डॉल्फिनांवर काम करते. तिने विचारलंय, मॅडमच्या जुन्या स्लाइड्स परत काढल्यात, त्या हिवाळ्यात आपले आकडे इतके का जुळत नव्हते? इथे सगळे म्हणतात रंग नीट चढला नव्हता, त्या स्लाइड्स मोजणीतून काढून टाकू. ‘यार, तुझे कुछ याद है?’ मला सगळं आठवतं काकू. चुकीचे आकडे मीच लिहीत होतो, आणि जाणूनबुजून लिहीत होतो.

मुल्लानपूरच्या आपल्या लॅबची ती दुसऱ्या मजल्यावरची खोली. एका खिडकीतून गहू दिसतो, दुसरीतून क्रेन. समुद्र कुठच्या कुठे, आणि आपल्याकडे कुरिअरने कोकणातून दात येतात, कापसात गुंडाळून, औषधाच्या छोट्या बाटल्यांत. पहिल्याच दिवशी मी मासा म्हणालो तर केवढ्या ओरडला होतात! ‘मासा? पिल्लाला दूध पाजते ती! व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना रे?’ मग दात आम्लात मऊ कसा करायचा, गोठवून त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप कसा घ्यायचा, तो रंगवून आतली वलयं कशी मोजायची, झाडाच्या खोडासारखी, वर्षाला एक, हे सगळं तुम्हीच शिकवलंत. मी एकदा कंटाळून विचारलं, मेलेल्याचं वय काढून करायचंय काय? तुम्ही म्हणालात, ‘सांधे झिजलेत ते म्हातारपणाने की घाण पाण्याने, हे वय कळल्याशिवाय कसं सांगणार तू? आधी म्हातारं कुणाला म्हणायचं ते तर कळू दे.’

आणि मोजणीची तुमची पद्धत. मी आणि ती वेगवेगळे बसणार, आपला आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. आकडे जुळले नाहीत तर दोघांनी एकदम बघायच्या त्या मोठ्या मायक्रोस्कोपवर शेजारी शेजारी बसून पुन्हा मोजायचं. ही पद्धत घालून दिलीत तेव्हा तुमच्या डोक्यात डॉल्फिन होते. माझ्या डोक्यात तिच्या मरून रंगाच्या स्वेटरची बाही होती. तरुण जनावराची वलयं स्वच्छ दिसतात, तिथे गडबड केली तर पकडला गेलो असतो. म्हाताऱ्यांची वलयं आत दाटीवाटीने बसलेली असतात, तिथे तीन-चारचा फरक कुणालाही खराच वाटतो. म्हणून मी म्हातारेच निवडले. बरोबर मोजायचो आणि मग तीन कमी लिहायचो. मग ती शेजारी येऊन बसते, बोटं गारठलेली, पॉइंटर सरकवते. ‘ये देख, सोलहवीं.’ मी म्हणतो, ‘कहाँ?’ ‘ओए, अंधा है क्या?’ आणि मागून तुम्ही. राग आला की तुमची मालवणी सुटायची. ‘मेल्या, लक्ष खंय आसा तुझा?’ तिने हळूच विचारलं, मॅडम क्या बोलीं? मी सांगितलं, बोलीं लड़का बहुत मेहनती है.

मला वाटलं होतं, फार तर मला मूर्ख समजाल. तुम्ही मला सोडून स्वतःलाच धरलंत. आधी रंगाची नवी बाटली मागवलीत, मग काप पुन्हा घेतलेत, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात. त्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून उभा आहे, तुम्ही आंबोळ्या घालताय. ‘डोळे ठीक आहेत म्हणतो डॉक्टर,’ तुम्ही तव्याकडे बघत म्हणालात. ‘म्हणजे मग हातच गेले माझे. काप सरळ येत नसणार. आता बाकीचे तुम्ही दोघं घ्या.’ आणि पर्समधून तुमचा काप उचलायचा बारीक ब्रश काढून माझ्या हातात दिलात. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी आणखी एक आंबोळी मागितली. उन्हाळ्याच्या आत तुम्ही गेलात, अचानक, हृदयाने. आणि त्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही एकही दात कापला नाहीत.

मग कॉलेजात एका सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, त्या बाईंचं शेवटचं काम काही खरं नाही, वय झालं होतं. मी असा पेटलो की हातातलं जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं, तोंडाला येईल ते बोललो आणि बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. बाबांना वाटतं पोरीच्या नादात शिक्षण सोडलं. मित्रांना वाटतं मॅडमसाठी भांडला, शेर आहे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सर जे बोलले ते मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. आता इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टच्या कारखान्यात माल तपासतो. तिथे माझा आकडा कधी चुकत नाही.

परवापासून फोन हातात घेतो, ठेवतो. गप्प बसलो तर तुमचे सगळे म्हातारे डॉल्फिन यादीतून जातील, आणि उद्या कुणी म्हणेल, या किनाऱ्यावर डॉल्फिन म्हातारे होतच नाहीत, तरुणच मरतात. बोललो तर तिच्याही नावासमोर लिहिलेला तो हिवाळा मी नासवला हे तिला कळणार, आणि एवढ्या वर्षांनी आलेला तिचा मेसेज शेवटचाच ठरणार. काल शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभं राहून लिहिलं. ‘मॅडम की स्लाइड्स सही हैं, मत निकालना. मेरे नंबर झूठे थे. तेरे साथ बैठने को मिले, इसलिए लिखता था.’ तिने वाचलंय, एवढंच दिसतं.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एवढं सांगून टाकतो. तुमचं काम वाचवायला पहिली दोन वाक्यं पुरेशी होती, काकू. तिसरं मी माझ्यासाठी लिहिलं.