शेवटच्या पानावरचं कोडं

चिक्कडपल्ली, हैदराबाद
६ जानेवारी २०२५

चि. सौ. इंदूस दादाचे अनेक आशीर्वाद.

इथल्या कोठी भागातल्या स्टॉलवाल्याने मराठी पेपर आणणं बंद केल्यापासून माझ्या सकाळी सुन्या झाल्या होत्या. तू लातूरहून आठवडाभराचे पेपर बांधून पाठवलेस, फार बरं वाटलं. नातू हर्षवर्धन म्हणतो, आजोबा, फोनमध्ये सगळं असताना शिळ्या बातम्या कायकू वाचता? त्याला काय ठाऊक, आपल्या लहानपणी पेपर बसने दुसऱ्या दिवशीच यायचा. रेडिओवर ऐकलेलंच वडील पुन्हा मोठ्याने वाचायचे आणि अख्खी गल्ली ऐकत बसायची.

तक्रार एकच. सगळी शब्दकोडी तू सोडवून टाकलीस. तेव्हाही मी आंघोळीला गेलो की पेन्सिल घेऊन बसायचीस. जित्याची खोड!

लोभ आहेच, तो पेपरासारखा बंद पडू देऊ नकोस.

तुझा,
दादा

लातूर
२ फेब्रुवारी

ती. दादांस इंदूचा शि. सा. न. वि. वि.

या खेपेची सगळी कोडी कोरी ठेवली आहेत, आता तरी कुरकुर नको. गठ्ठा सूनबाईने, शोभाने बांधला. अक्षर मोठं आलंय, पेन नवा आहे. इकडे सर्व ठीक. पत्र आटोपतं घेते, राग नसावा.

आपली,
इंदू

चिक्कडपल्ली
१२ फेब्रुवारी

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

पेनाचं कारण मला सांगू नकोस. जन्मात तू माझ्यासाठी एक कोडं सोडलं नाहीस, आणि आता पेपरांची घडीसुद्धा मोडलेली नाही. मी धसकलो, शोभाला फोन केला तेव्हा कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर उशीर नको म्हणतात आणि तू भीतीपोटी ऑपरेशन टाळते आहेस.

मला गोवर आला तेव्हा आईने खोली अंधारी केली होती. तू दाराच्या फटीशी बसून मला पेपर वाचून दाखवायचीस, जाहिरातींसकट. आता माझी पाळी. रविवारी येतोय. तुला वाचता येईपर्यंत तिथेच राहीन. नाही म्हणू नकोस.

तुझा,
दादा

लातूर
२० मार्च

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही परवा गेलात आणि घर खायला उठलं. तुमचं ते मोठ्याने वाचणं शेजारचेसुद्धा विचारतात. तुम्ही दारापर्यंत हात धरून आलात म्हणून मी त्या ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाले, हे तोंडावर बोलले नाही, लिहून टाकते.

आज कोडं घेऊन बसले. अक्षरं लख्ख दिसली. सोबत तोच पेपर पाठवतेय. शेवटचा एक शब्द तुमच्यासाठी सोडलाय. मला येत नव्हता असं समजू नका.

आपली,
इंदू