पंखातले पेट्रोल आणि मधला मजला

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. खोकला थांबला का? नसेल तर डॉक्टरकडे जा. मला फोनवर खोकून दाखवू नकोस. इकडे आम्ही दोघे ठीक. विमानाला परवापासून दुसरा पंखही आहे, त्यामुळे शेडमध्ये वाकून शिरावे लागते.

तुझ्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर घरीच विमान बांधायला घेतले, तेव्हा आपण यात पडायचे नाही असे मी ठरवले होते. (विमानाच्या बाबतीत हा शब्द वापरू नये, असे त्यांचे म्हणणे.) चार वर्षे पाळलेही. मग एकदा चहा द्यायला गेले आणि पेट्रोल कुठून कुठे जाते, असे सहज विचारले. इंजिन पिते ते पुढच्या लहान टाकीतून, आणि ती तासाभरात संपते. बाकीचे पेट्रोल पंखांत. ते पंपाने पुढे आणायचे. पंप लावणार कोण आणि बंद करणार कोण? दोन्हींचे उत्तर "मी" असे आले. आता हे गृहस्थ घरच्या गच्चीवरच्या टाकीचा पंप लावतात आणि विसरतात. आमची टाकी वाहू लागली की खालची शेजारीण सतरंज्या धुवायला काढते, इतका तिचा त्यांच्यावर भरवसा. वर लावायला विसरले तर पंखात पेट्रोल असून इंजिन बंद. बंद करायला विसरले तर टाकी भरून पेट्रोल बाहेर. मी चहा तिथेच ठेवला आणि कागद मागितला.

तुला ठाऊकच आहे, मी सव्वीस वर्षे लिफ्टची नियंत्रणे आखली. दार नीट लागले नाही, थांब. दोर ढिला पडला, थांब. त्याच धर्तीवर लहान टाकीत दोन तरंगते गोळे बसवले: खालचा उतरला की पंप सुरू, वरचा चढला की बंद, तार सुटली किंवा दोन्ही गोळ्यांचे म्हणणे जुळेना, तर पंप बंद आणि लाल दिवा. शिडीवर एक डबा, स्टुलावर दुसरा, मध्ये नळी आणि पंप, अशी पाण्यावर चाचणी घेतली. सात वेळा चोख. आठव्या वेळी वरचा गोळा रंगाच्या थेंबाला चिकटून वरच राहिला, खालचा मात्र उतरला. म्हणजे टाकी एकाच वेळी भरलेली आणि रिकामी. पंप थांबला, दिवा लागला. मी म्हटले, "पाहिलंत? शंका आली की थांबतो."

यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "लिफ्ट थांबली की माणसं दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहतात. मी कुठे उभा राहू?"

यांचे म्हणणे खरे होते. माझ्या धंद्यात थांबणे म्हणजे सुखरूप, तिथे वर थांबणे हाच अपघात. राग यायला हवा होता, पण दोन दिवस भाजी चिरताना मी त्याचाच विचार करत होते. आता गोळे तसेच आहेत, पण शेजारी, लाल दिवा लागला तर पंप हाताने लावायला, एक साधे बटण आहे. त्याची तार माझ्या सगळ्या हुशारीला वळसा घालून, वेगळ्या फ्यूजमधून, थेट पंपाला जाते. ते चालू असेपर्यंत कानाशी गुणगुण वाजत राहते, म्हणजे विसरायची सोय नाही. मग वाटले, दिवाच गेला असेल तर? न लागलेला दिवा 'सगळे ठीक' आणि 'मी मेलो' हे एकाच चेहऱ्याने सांगतो. म्हणून उडण्याआधी दिवा तपासायचे आणखी एक बटण. ते बटण तपासायला बटण मागायचे नाही, असे यांना बजावले आहे.

पहिली उड्डाणे हे एकटेच करतील, धावपट्टीभोवती. तेवढ्यात पंप लागत नाही. खरी परीक्षा टेकड्यांपलीकडच्या दोन तासांच्या फेरीत. त्यासाठी शेजारच्या खुर्चीवर त्यांनी तुला बोलावले आहे. जन्मभर लोकांना विमान चालवायला शिकवलेस, तेव्हा निवड योग्यच. मला त्या यंत्रात बसायची तिळमात्र हौस नाही.

तुझी
ताई

ता. क. ती खुर्ची मला दे. कारण काहीही काढ. लाल दिवा लागला तर विमान कसे उतरवायचे ते यांना कळेल. पण खोटे कोण बोलतो आहे, दिवा की गोळा, हे मला कळेल. आणि दिवा लागलाच नाही, तर वर दोन तास हे नेमके बघतात काय, ते मला बघायचे आहे.

ता. क. २. यांचेही पत्र तुला याच टपालाने येईल. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे दिले, तेव्हा नजर पडली. 'काहीही झाले तरी हिला वर येऊ देऊ नकोस, हिला काही झालेले मला चालणार नाही,' असे त्यात आहे. मी डिंक दोनदा लावला. मग पाकीट चिकटवले. तरीही आधी मी थोरली बहीण, मग ते मेहुणे, हा क्रम ध्यानात ठेवूनच उत्तर लिही.