गुरुवारची सभा

प्रिय बडबडे,

तुझ्या बापाचं पत्रलेखन म्हणजे इंजिन खोलून पुन्हा जोडणं. शेवटी एखादा नट हातात उरतोच. गॅरेज बरं चाललंय. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून दोष सांगतो म्हणून लांबून गिऱ्हाइकं येतात.

आपल्या पाळकसाहेबांनाही या कानांचं भारी कौतुक. मी फाटका माणूस असताना त्यांनी मला चर्चमध्ये मान दिला आणि एक काम दिलं: घरोघर चहा पीत फिरायचं, कुणाची श्रद्धा कुरकुरतेय ते ऐकायचं आणि त्यांना कळवायचं. चुगली नव्हे हो, आत्म्यांची काळजी! शेजारचा शिंपी माझ्यामुळेच भर उपासनेत गुडघ्यांवर आला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो.

तुझं बोलणं आईने फोडलं असं तू तीन वर्षं धरून बसली आहेस. भांडी पुसताना तू तिला म्हणालीस, आत्या आपल्या चर्चच्या मंडळीतली नाही म्हणून नरकात जाणार असेल, तर मला तुमचं तारण नको, तुमचा स्वर्गही नको. तेव्हा मी दाराबाहेर बूट काढत होतो. पाळकसाहेबांना मीच सांगितलं. वाटलं, समजावतील. त्यांनी तुला मंडळीबाहेर काढलं, आम्हाला तुझ्याशी बोलायची बंदी केली, आणि मी 'आमेन' म्हणालो.

आईचं हृदय थकलंय. डॉक्टर आता दिवसांची भाषा करतात. ती रोज तुझं नाव काढते, आणि काढलं म्हणून लगेच देवाची क्षमा मागते. पाळकसाहेब म्हणतात, पोरीने आधी सगळ्यांसमोर गुडघे टेकावेत, मग भेटावं. नाहीतर आईच्याच तारणाला धोका. तिला ते पटलंय गं. मी समजवायला गेलो, तर माझ्यासाठीच प्रार्थना करायला लागली. आणि खरं सांगू? भीती मलाही वाटते.

काल मात्र हळूच म्हणाली, "मी झोपेत असताना कुणी येऊन बसलं, तर तो काही माझा दोष नाही ना हो?"

म्हणून हे पत्र. गुरुवारी पाच वाजता ये. सगळे प्रार्थनासभेत असतात. मागचं दार नुसतं लोटलेलं असेल. ती डोळे मिटून पडेल. तू काही बोलू नकोस, हात धर. मी भेटणार नाही. माझी जागा रिकामी दिसली, तर चौकशीला घरीच येतील. घाई करू नकोस. सभा संपत आली की मी पापकबुलीला उभा राहीन, आणि तासभर पुरतील एवढी पापं माझ्याजवळ आहेत.

तुझाच,
बाबा