पायमशीन

३ फेब्रुवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

शिडीवरून पडल्याला चार महिने झाले. इथे पुनर्वसन केंद्रात सगळे माझ्याशी तान्ह्या मुलासारखं बोलतात, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, थोडे तंतू शाबूत आहेत. सराव केला तर मेंदू त्यांच्यातून नवी वाट काढू शकतो. काढेलच असं नाही. थेरपीच्या बाई पाठीला पट्ट्या चिकटवून बारीक करंट सोडतात आणि पाय हलवायचा विचार करा म्हणतात. मी दिवसातून तीनशे वेळा विचार करतो. पाय ढिम्म.

तेव्हा शेजारच्या घड्याळजींना आपल्या दुकानाची जागा महिनाअखेर देऊन टाक. शिंप्याशिवाय शिंप्याचं दुकान कशाला उघडं ठेवायचं?

तुझ्यावर जीव असलेला,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका राग आला की आधी एक पँट आखूड केली, मग लिहायला बसले. पँट जरा जास्तच आखूड झाली. गिऱ्हाइकाला म्हटलं, हल्ली अशीच फॅशन आहे. घड्याळजी रोज येऊन भिंती मोजतात, तेही आपल्याच टेपने.

एक कबूल करायचंय. माझा पाय दुखतो म्हणून तुझ्या पायमशीनला मी मोटर बसवली. पायडल स्टँडसकट मागच्या अंगणात आहे, वर कुंड्या ठेवल्यात. तू येशील असं सगळ्यांना सांगत फिरते आणि तुझं पायडल काढून बसले. फार लाज वाटते.

रागाव, पण पत्र लिही.

तुझीच धाकटी बहीण,
ठकू

१७ फेब्रुवारी

चि. ठकूस, आशीर्वाद, थोडे कमी.

मोटरचं वाचून दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या कागदावर व्यवसाय शिंपी असा लिहिलाय. त्यांना वाटलं, हाताचं काम. चाळीस वर्षं दोन्ही पायांनी पायडल मारलं हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणाल्या. पायाला ओळखीचं काम दिलं तर मेंदूला वाट सापडायला मदत होईल म्हणे.

कुंड्या उतरव. मोटर काढ. मशीन पाठव. घड्याळजींना थोपव.

रागावलेला पण तुझाच,
दादा

९ एप्रिल

चि. ठकूस, पूर्ण आशीर्वाद.

मशीन येऊन सहा आठवडे झाले. रोज पाय पायडलला बांधतात, पट्ट्या लावतात, मी सुईत दोरा ओवतो आणि आम्ही सगळे वाट बघत बसतो. काल सकाळी उजवा पाय दाबला गेला. माझा मीच दाबला. चाक अर्धा फेरा फिरलं, तेही उलटं. चाक उलटं गेलं की दोरा तुटतोच, तसा तटकन तुटला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या; त्यांनी कधी शिवलेलं नाही. मी तुटका दोरा हातात धरून रडलो. डॉक्टरांनी सांगितलंय, यावरून चालायला येईलच असं समजू नका. मीही तसं समजत नाही.

पण नवशिक्याचं चाक आधी उलटंच फिरतं. मी किती जणांना शिकवलंय. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला महिना. मला वर्ष लागेल, दोन लागतील.

घड्याळजींना नाही म्हणून सांग.

माया कमी करू नकोस.

दादा